चालतं, पण कशावर?

नव्वद सालच्या आसपासच्या कुठल्याही सॉफ्टवेअरचं खोकं उलटं करून पाहा. मागे बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते: आयबीएम पीसी, एक्सटी, एटी किंवा शंभर टक्के कंपॅटिबल संगणक आवश्यक. तिच्याखाली मेमरी किती, डॉस कुठलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं, एवढा हिशेब. माळ्यावरचा जुना पीसी उतरवून, पुसून ज्याने चालू केला आहे तो ही ओळ वाचतो, आपल्याकडे सगळं आहे अशी खात्री करून घेतो आणि फ्लॉपी आत सरकवतो. पुढे काहीही होऊ शकतं. पडदा काळाच राहतो. किंवा खेळ सुरू होतो आणि असा सुसाट सुटतो की हात कीबोर्डवर जाण्याआधी पहिली फेरी संपलेली असते. किंवा एखादा संदेश येतो, ज्याचा समोरच्या परिस्थितीशी काहीएक संबंध लागत नाही.

असं का होतं, आणि झालं तर तपासायला कुठून लागायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तक आयबीएम पीसी आणि त्याच्या वंशावळीपुरतं आहे. कमोडोर, स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो ही मंडळी मी मुद्दाम बाहेर ठेवली आहेत. कमोडोर ६४ म्हणजे एकाच कंपनीचं जवळजवळ एकच यंत्र. त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्यावर बहुतेक वेळा चालतोच, आणि नाही चाललाच तर दोष फ्लॉपीत किंवा एखाद्या चिपमध्ये असतो. पीसी मात्र कोण जाणे किती कंपन्यांनी बनवला, आणि सगळ्यांनी आपापल्या मालावर ‘कंपॅटिबल’ असं छापलं.

खोक्यावरची ती ओळ खोटी नसते, अपुरी असते. प्रोग्रॅमला काय लागतं ते तीत लिहिलेलं असतं. प्रोग्रॅम काय धरून चालतो ते नसतं. ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसायचं. त्याच्या टेबलावर एक यंत्र होतं, त्या यंत्राची घडण त्याच्या अंगवळणी पडलेली होती, आणि उद्या याहून वेगळं यंत्र येईल हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून ‘हा प्रोग्रॅम या मशीनवर चालेल का?’ असं विचारण्याऐवजी ‘या प्रोग्रॅमने कुठलं मशीन डोळ्यांसमोर धरलं होतं?’ असं विचारावं, असा माझा आग्रह आहे. पुढची सगळी प्रकरणं याच प्रश्नाचा पाठपुरावा करतात.

हा घोळ सुरू कसा झाला ते थोडक्यात सांगतो. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी जाहीर केला. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस मायक्रोसॉफ्टचं, बाकीचे भागही बाजारात कुणालाही मिळतील असे. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं मुख्यतः बायॉस, म्हणजे यंत्राला प्राथमिक कामं शिकवणारा, रॉम चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्रॅम. डॉस मायक्रोसॉफ्ट कुणालाही विकायला मोकळं होतं. तेव्हा इतर कंपन्यांचा समज झाला की इंटेलचा प्रोसेसर घ्यावा, मायक्रोसॉफ्टकडून डॉस घ्यावं, की पीसीचे प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर धावतील. कागदावर यात काही चूक नव्हती. प्रोग्रॅमने डॉसला सांगायचं, डॉसने बायॉसला, बायॉसने यंत्राला, अशी ती उतरंड होती. खालचं यंत्र बदललं तरी वरच्याला पत्ता लागू नये, हाच तर तिचा उद्देश.

पण या वाटेने जायला वेळ लागायचा. साध्या अक्षरांच्या पडद्यावर ८० गुणिले २५ म्हणजे २००० अक्षरं मावतात. प्रत्येक अक्षर डॉस-बायॉसच्या हाताने लिहायचं तर ४.७७ मेगाहर्ट्झच्या त्या प्रोसेसरवर पडदा भरताना डोळ्यांना दिसायचा. १९८३ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या लोटस १-२-३ ने ती भानगडच ठेवली नाही. पडद्याची मेमरी पीसीत ठरलेल्या पत्त्यावर असते. १-२-३ थेट तिथे जाऊन लिहायचं. आकड्यांचं अख्खं पान झर्रकन सरकायचं आणि बघणारा गार व्हायचा. ज्याच्यासाठी लोकांनी पीसी विकत घेतला असा हा प्रोग्रॅम, आणि त्याचं सगळं कौतुक एका गृहीतावर उभं: पडद्याची मेमरी आयबीएमने ठेवली तिथेच असणार.

डेकच्या रेनबो १०० मध्ये ती तिथे नव्हती. टँडी २००० चं दुःख आणखी मोठं. १९८३ च्या अखेरीस आलेल्या त्या यंत्रात ८ मेगाहर्ट्झचा ८०१८६ प्रोसेसर होता, म्हणजे पीसीपेक्षा ते सरळसरळ सरस. डॉस होतं, फ्लॉपीत जास्त माल मावायचा, रंग चांगले होते. पीसीसाठी लिहिलेले नावाजलेले प्रोग्रॅम मात्र जसेच्या तसे चालत नसत, आणि यंत्र मागे पडलं. सरस असणं हाच तिथे दोष ठरला.

कॉम्पॅकने हे आधीच ओळखलं होतं. १९८२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या त्यांच्या पोर्टेबलमध्ये नवं काही करण्याचा हट्ट नव्हता. आयबीएमच्या यंत्राची सवय न् सवय उचलायची, एवढंच ठरलेलं. अडचण बायॉसची होती. आयबीएमने बायॉसचा सगळा कोड आपल्या तांत्रिक मॅन्युअलमध्ये छापला होता, पण त्याचा कॉपीराइट राखून. ज्याने तो वाचला त्याने तसा लिहिणं म्हणजे चोरी. तेव्हा एका गटाने बायॉस काय काय करतो याची यादी करायची आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने ती यादी समोर ठेवून नवा लिहायचा, असा मार्ग निघाला. पहिल्या वर्षात कॉम्पॅकने ११ कोटी १० लाख डॉलरचा धंदा केला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असाच तयार केलेला बायॉस ज्याला हवा त्याला द्यायला सुरुवात केली आणि क्लोनचं पेव फुटलं. लॅमिंग्टन रोडवर ‘असेंबल्ड’ म्हणून जो पीसी विकला गेला, तो या वाटेने आलेला.

त्या काळी एखादा क्लोन खरोखर कंपॅटिबल आहे का, हे बघायला दोन प्रोग्रॅम लावून पाहत: लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. दुसरा तर डॉसलाही विचारत नसे. मशीन थेट त्याच्याच फ्लॉपीवरून सुरू व्हायचं आणि पुढचा सगळा कारभार त्याचा. जो प्रोग्रॅम सर्वांत जास्त नियम मोडतो तोच उत्तम परीक्षक, हे तेव्हाच्या मासिकांतल्या परीक्षणं लिहिणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. आजही एखाद्या अनोळखी जुन्या यंत्राची पारख करायची तर मी साधा, सभ्य प्रोग्रॅम आधी घालत नाही. त्याच्यावरून काहीच कळत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर. ते समजलं की या विषयाची बरीचशी रीत हाताला लागते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर एक तक्रार सुरू झाली. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारे हिशेबाचे, ग्रंथालयाचे, दवाखान्याचे प्रोग्रॅम नवीन पीसीवर टाकले की सुरू होता होताच बंद पडायचे, आणि पडद्यावर यायचं: रनटाइम एरर २००. बोरलँडच्या पुस्तिकेत या आकड्याचा अर्थ दिलेला आहे, शून्याने भागाकार. लोक आपापल्या प्रोग्रॅममधले भागाकार तपासत बसले. एकाही ठिकाणी शून्य सापडेना.

हे सगळे प्रोग्रॅम टर्बो पास्कल ७ मध्ये लिहिलेले होते. त्या भाषेत थोडं थांबण्यासाठी एक सोय आहे, इतके मिलिसेकंद थांब म्हणून सांगायची. पण प्रत्येक मशीनचा वेग वेगळा, मग एक मिलिसेकंद मोजायचा कसा? म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना टर्बो पास्कल गुपचूप एक मोजणी करतं. पीसीतलं घड्याळ सेकंदाला साधारण १८.२ ठोके देतं, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये सुमारे ५५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात एक रिकामी फेरी किती वेळा मारता येते ते मोजायचं, त्याला ५५ ने भागायचं, की एका मिलिसेकंदात किती फेऱ्या होतात ते मिळालं. हे उत्तर ठेवायला १६ बिटांची जागा आहे, तिच्यात ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. म्हणजे एका ठोक्यात ३६ लाखांच्या वर फेऱ्या झाल्या की उत्तर जागेत मावत नाही. इंटेलच्या प्रोसेसरला भागाकाराचं उत्तर मावत नसेल तर तो जी बोंब मारतो, तीच बोंब शून्याने भागलं तरी मारतो. टर्बो पास्कलला ती ऐकू आली, आणि त्याने आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावला. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर हे होऊ लागलं. एररचा आकडाही २००. हा निव्वळ योगायोग, पण त्याने किती जणांची दिशाभूल केली असेल!

आता हे ५५ आलं कुठून? पीसीच्या मदरबोर्डवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक आहे. हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंग-संकेताच्या बरोबर चौपट आहे. पीसी घरच्या टीव्हीला जोडता यावा म्हणून आयबीएमने तो निवडला. एकच स्फटिक सगळ्यांना पुरवायचा, म्हणून त्याला ३ ने भागून प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ काढले आणि १२ ने भागून घड्याळाच्या चिपचे १.१९. ती चिप ६५,५३६ मोजते आणि एक ठोका देते. भागाकार करून पाहा, सेकंदाला १८.२ ठोके येतात. अमेरिकन टीव्हीच्या रंगांसाठी ठरलेला एक आकडा असा स्फटिकातून घड्याळात, घड्याळातून बोरलँडच्या कोडमध्ये आणि तिथून अर्ध्या जगातल्या हिशेबनिसांच्या डोक्यापर्यंत पोचला.

या उदाहरणातून एक सवय लावून घ्यावी. संदेशाचे शब्द खरे मानू नयेत. तो आला कधी आणि कशानंतर, ते मानावं. संदेश लिहिणाऱ्याला जेवढी संकटं सुचली तेवढ्यांनाच त्याने नावं दिली. जे सुचलं नाही ते भलत्याच नावाने समोर येतं. दुसरा नमुना ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ या संदेशाचा. हा आला की लोक फाइल खराब झाली म्हणून दुसरी फ्लॉपी शोधायला लागतात. फाइल ठणठणीत असते. पीसीच्या ८०८८ ला पत्त्याच्या २० तारा, म्हणजे एक मेगाबाइटपर्यंतचेच पत्ते. त्यापुढचा पत्ता दिला तर तो फिरून मेमरीच्या तळाशी येतो. काही प्रोग्रॅम या वळणावर विसंबून होते. १९८४ मध्ये आलेल्या एटीच्या ८०२८६ ला तारा २४, तिथे पत्ता वळेचना. आयबीएमने मग एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं (मोजणी शून्यापासून, म्हणून तिचं नाव ए२०) आणि ते उघडमिट करायचं काम कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे सोपवलं, कारण तिचा एक पाय मोकळा होता! पुढे १९९१ मध्ये डॉस ५ ने ते फाटक उघडं ठेवून एक मेगाबाइटच्या वरच्या जागेत स्वतःचं बस्तान हलवलं. खाली जागा मोकळी झाली, प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा खाली, पहिल्या ६४ केबीत उतरू लागले, आणि मायक्रोसॉफ्टच्याच एका साधनाने दाबून लहान केलेले जुने प्रोग्रॅम उलगडताना हिशेब चुकून ओरडू लागले. उपाय डॉस ५ बरोबरच आला आहे: नावाआधी लोडफिक्स लिहायचं. ही आज्ञा पहिले ६४ केबी नुसते अडवून ठेवते आणि प्रोग्रॅमला वर ढकलते. बाकी काही नाही.

डॉस ५ मध्ये सेटव्हर नावाचंही एक साधन आहे, त्याचं काम थापा मारणं. एखादा प्रोग्रॅम ‘डॉस ३.३ आहे का?’ असं विचारून अडून बसला असेल, तर सेटव्हर त्याला खुशाल ‘हो’ म्हणतं. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं, कारण ती अट लिहिणाऱ्याने केवळ धास्तीपोटी घातलेली असते. याच्या उलटा प्रकारही घडला आहे. विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत एक सांकेतिक रूपात दडवलेला तुकडा होता. खाली मायक्रोसॉफ्टचं डॉस आहे की दुसऱ्याचं, हे तो हुडकायचा, आणि डिजिटल रिसर्चचं डीआर-डॉस सापडलं की एक गूढ, घाबरवणारा संदेश दाखवायचा. डीआर-डॉसवर विंडोज चालायला तांत्रिक अडचण काही नव्हती. अंतिम आवृत्तीत तो तुकडा निष्क्रिय करून ठेवलेला होता, पण होता. अँड्र्यू शुलमन यांनी १९९३ मध्ये डॉ. डॉब्ज जर्नलमध्ये त्याची चिरफाड केली. गंमत म्हणजे याच कंपनीने विंडोज ९५ च्या वेळी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून जिवाचं रान केलं. सिमसिटी परत केलेली मेमरी पुन्हा वापरायचा. आधीच्या विंडोजवर हे खपून जायचं, विंडोज ९५ वर खपलं नसतं. तेव्हा सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी वेगळ्या पद्धतीने द्यायची, अशी तरतूद थेट विंडोजमध्येच केली गेली, असं जोएल स्पॉल्स्की यांनी त्या खेळाच्या विंडोज आवृत्तीच्या कर्त्याच्या हवाल्याने लिहिलं आहे. कंपॅटिबल असणं ही पुष्कळदा यंत्राची नव्हे, कुणाच्या तरी मर्जीची बाब असते.

६४० केबी मेमरीच्या मर्यादेवर मी फार पानं खर्च केलेली नाहीत. त्यावर जगात भरपूर लिहून झालं आहे, आणि कॉन्फिग फाइलशी केलेल्या झटापटी ज्यांनी केल्या त्यांच्या लक्षात आहेतच. साउंड कार्डचंही तेच. साउंड ब्लास्टर कुठल्या पत्त्यावर, कुठल्या इंटरप्टवर आणि कुठल्या डीएमएवर आहे, हे तीन आकडे कार्डावर आणि खेळात सारखे असले की काम झालं. याचं कोष्टक त्या प्रकरणात आहे.

पडद्याचं प्रकरण मात्र लांबलं आहे, आणि ते लांबायलाच हवं होतं. आयबीएमने सुरुवातीलाच दोन कार्डं दिली: एकावर सुबक अक्षरं पण चित्रं नाहीत, दुसऱ्यावर रंगीत चित्रं पण अक्षरं भसाडी. त्यांच्या मधोमध १९८२ मध्ये हर्क्युलिस आलं, एकरंगी पण ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचं. ते बनवणाऱ्या थाई अभियंत्याला पीसीच्या पडद्यावर थाई लिपी हवी होती, आणि रोमन अक्षरांचे ठरीव साचे सोडून ठिपका ठिपका आपल्या हाती आल्याशिवाय ती उमटणार नव्हती. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये हिरव्या किंवा अंबर रंगाच्या मॉनिटरमागे बहुधा हेच कार्ड किंवा याची नक्कल असे. वर्डस्टार, डीबेस, लोटस यांना ते पुरत होतं. खेळांना मात्र सीजीए, म्हणजे ते दुसरं रंगीत कार्ड हवं असे. मग कुणीतरी सिमसीजीए नावाची बारकी फाइल आणून द्यायचं. ती आधी चालवली की हर्क्युलिस सीजीएचं सोंग घ्यायचं. काही खेळ फसायचे, काही फसायचे नाहीत, आणि कुठले फसतील हे ओळखण्यात एकेकाची हयात गेली.

सीजीएची आणखी एक गोष्ट भारतात कधी कुणी पाहिलीच नाही. या कार्डाचे ते कुप्रसिद्ध चार रंग, निळसर, जांभळट, पांढरा आणि काळा, सगळ्यांना आठवतात, आणि आयबीएमची अभिरुची काय होती म्हणून हसूही येतं. पण हेच कार्ड अमेरिकन टीव्हीला जोडलं तर ठिपक्यांच्या ठराविक रांगा एकमेकींत मिसळून सोळा रंग दिसत. खेळ लिहिणारे हे जाणून चित्रं काढत. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल पद्धतीचं. त्यावर ही किमया होत नाही. आपण ज्याला भडक, बेढब समजत आलो ती कितीतरी चित्रं मुळात तशी नव्हतीच.

इम्युलेटरबद्दल मला विचारलं जाईलच, म्हणून आधीच सांगतो: वापरा. डॉसबॉक्स फुकट आहे आणि जुना खेळ खेळायचा एवढंच मनात असेल तर लोखंडाच्या नादी लागण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत २०१० नंतरही टर्बो सी++ शिकवलं जात होतं, आणि ६४ बिटांच्या विंडोजने जुन्या १६ बिटांच्या प्रोग्रॅमना दार बंद केल्यावर ते डॉसबॉक्समध्ये बसवूनच शिकवलं गेलं. अभ्यासक्रम तसाच ठेवण्याच्या कामी आलेलं असं साधन दुसरं नसेल. पण इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राबद्दल कुणीतरी लिहिलेलं एक वर्णन असतं, आणि जे वर्णनात नाही ते त्यात चालत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या रिव्हिजन या मेळाव्यात काही हौशी मंडळींनी ‘८०८८ एमपीएच’ नावाचा प्रोग्रॅम दाखवला. मूळ ४.७७ मेगाहर्ट्झचा पीसी, मूळ सीजीए कार्ड, आणि पडद्यावर १०२४ रंग. मघाशी सांगितलेल्या टीव्हीच्या त्याच रंग-मिसळीचा खेळ त्यांनी टोकाला नेला होता. त्या दिवशी उपलब्ध असलेला एकही इम्युलेटर तो धड चालवू शकला नाही. पुढे इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी त्यालाच कसोटी मानून आपली कामं सुधारली, म्हणजे १९८३ मध्ये लोटसने जे केलं ते पुन्हा एकदा झालं.

तपासणीची रीत पहिल्या प्रकरणात तपशीलवार आहे. इथे फक्त तिचा कल सांगतो. आधी प्रोग्रॅमच्या फाइलची तारीख पाहावी. १९८४ ची तारीख असेल तर लिहिणाऱ्याने ३८६ प्रोसेसर पाहिलेला नाही, व्हीजीए पाहिलेलं नाही, आणि ६४० केबी त्याला अमाप वाटत होते. मग मशीन शक्य तितकं उघडं करावं. डॉस ६ असेल तर सुरू होताना एफ५ दाबला की कॉन्फिगच्या दोन्ही फाइली वगळल्या जातात. अशा नागड्या मशीनवर प्रोग्रॅम चालला तर दोष तुमच्या ड्रायव्हरांच्या गर्दीत आहे, आणि एफ८ ने एकेक ओळ होकार-नकार देत पुढे गेलं की चोर सापडतो. नाही चालला, तर तो कुठपर्यंत जातो ते पाहावं. एक अक्षरही न उमटता थांबला तर बहुधा पडदा किंवा प्रोसेसर. नाव दाखवून थांबला तर वेग, किंवा कॉपी प्रोटेक्शन. आवाज येताच थांबला तर सांगायला नकोच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि रात्री साडेअकरा वाजता कुणीही पाळत नाही.

शेवटचं प्रकरण मराठीचं आहे, आणि माझ्या लेखी पुस्तकाचं खरं निमित्त तेच. डॉसच्या दिवसांत पीसीवर देवनागरी उमटायची ती मुख्यतः जिस्ट कार्डाच्या बळावर. त्यामागचं संशोधन मूळ आयआयटी कानपूरचं. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम पुण्यात आलं. या कार्डाने गृहीतांचा मुद्दा उलट्या बाजूने वापरला. प्रोग्रॅमला वाटायचं आपण साधी अक्षरं लिहितो आहोत, आणि कार्ड मधल्या मध्ये ती पकडून पडद्यावर देवनागरी दाखवायचं. वर्डस्टार किंवा डीबेस लिहिणाऱ्या अमेरिकन माणसाला देवनागरी म्हणजे काय हे कळण्याची गरजच नव्हती. अडचणी होत्याच. त्या प्रोग्रॅमांच्या हिशेबात एक बाइट म्हणजे पडद्यावरचं एक घर. ‘क्ष’ लिहायला इस्की या संकेतात तीन बाइट लागतात, दिसतं मात्र एकच अक्षर. शिवाय इस्कीने देवनागरीसाठी घेतलेल्या वरच्या १२८ जागांमध्येच पीसीच्या चौकटी काढायच्या रेघा होत्या. सुबक चौकटींत मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक तर रेघा राहणार नाहीत तर अक्षरं. त्यासाठी रेघांची जागा राखून पीसी-इस्की ही वेगळी मांडणी करावी लागली. विंडोज आलं, अक्षरं काढण्याचं काम विंडोजने स्वतःकडे घेतलं, आणि मधे पकडण्यासारखं काही उरलं नाही.

त्यानंतरचा काळ अधिक बिकट आहे. पेजमेकरमध्ये जुळवलेले मराठी अंक, दिवाळी अंक, पुस्तकं, पत्रिका हे सगळं वेगवेगळ्या फॉन्ट-पॅकेजांत अडकलेलं आहे. इस्कीत निदान ‘क’ म्हणजे ‘क’ होता. या फाइलींत अक्षर साठवलेलंच नाही. फॉन्टमधल्या कुठल्या घरातला तुकडा उमटवायचा तो आकडा साठवलेला आहे, आणि श्रीलिपीची घरं वेगळी, आकृतीची वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर उरतो पण वाचता येत नाही. त्यात काही पॅकेजं प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय सुरूच होत नसत. असे डोंगल तपासणारे प्रोग्रॅम पोर्टशी थेट बोलतात, त्यामुळे यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट देणाऱ्या केबलवर ते चालत नाहीत. खरा पोर्ट असलेला जुना पीसीच लागतो, आणि तोही फार वेगवान नको. एखाद्या प्रकाशनाच्या कपाटात तीस वर्षांचे अंक फ्लॉप्यांवर पडून असतील, तर तिथे डॉसबॉक्स सुचवून उपयोग नाही.

अशा फ्लॉप्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे प्रकरण आधी वाचावं, आणि वाचून होईपर्यंत एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. सव्वापाच इंची ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, पण तिच्यावर काही लिहू नये. त्या ड्राइव्हचं डोकं अरुंद असतं, ते जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध बारीक रेघ ओढतं, आणि नंतर मूळ ३६० च्या ड्राइव्हला नवं आणि कडेचं जुनं एकदम वाचायला मिळतं. आपण लिहिणार नसलो तरी मशीन लिहितं: विंडोज ९५ आणि त्यानंतरची काही विंडोज, नुसती फ्लॉपी घालून पाहिली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची खूण टाकतात, आणि काही जुन्या फ्लॉप्या त्यानंतर डॉसला ओळखू येत नाहीत. तेव्हा फ्लॉपी आत जाण्याआधीच तिचं लिखाण बंद करावं. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. साडेतीन इंचीची खिडकी मात्र सरकवून उघडी ठेवायची. दोघींचे नियम नेमके उलटे आहेत.